अकरावी-बारावीच्या गणितात मुलं नेमकं काय शिकतात?

अकरावीची पहिली चाचणी झाली की पालक भेटायला येतात. "सर, दहावीला गणितात पंच्याण्णव होते हिला. आता पंचवीसपैकी सात! तीन महिन्यांत असं काय झालं?" मुलगी शेजारी मान खाली घालून उभी असते. मी दरवेळी तेच सांगतो: मुलीचं काहीही बिघडलेलं नाही. वेळापत्रकावर विषयाचं नाव गणितच आहे, पण आतला विषय बदललाय. काय बदललंय हे पालकांना कुणी बसून सांगत नाही, आणि खरं तर मुलांनाही सांगत नाही. म्हणून हा लेख.

मी लिहितोय ते राज्य मंडळाच्या विज्ञान शाखेच्या 'गणित आणि संख्याशास्त्र' या विषयाबद्दल. कॉमर्सचं गणित वेगळं, त्याची पुस्तकंही वेगळी. विज्ञान शाखेला दोन वर्षांत मिळून चार पुस्तकं आणि तीसच्या वर प्रकरणं असतात. बारावीला लेखी परीक्षा ८० गुणांची आणि प्रात्यक्षिकाचे २० गुण. सीबीएसईची पुस्तकं वेगळी असली तरी गाभा हाच आहे.

दहावीपर्यंतचं बरंचसं गणित थांबलेल्या गोष्टींचं असतं. त्रिकोण कागदावर बसलेला असतो, दोन बाजू दिलेल्या असतात, तिसरी काढायची. समीकरणातला क्ष कुठला तरी एखाद-दुसरा आकडा असतो, तो सापडला की गणित सुटलं. अकरावीत क्ष चालायला लागतो. तो बदलतो, आणि त्याच्यामागे दुसरं काहीतरी बदलतं. वेळ पुढे सरकली की अंतर वाढतं, त्रिज्या वाढली की क्षेत्रफळ वाढतं. 'हे इतकं असेल तर ते किती' असं एकाला एक बांधून देणाऱ्या नात्याला फंक्शन म्हणतात, मराठीत फल. दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाचा अर्ध्याहून जास्त भाग या एका शब्दाभोवती फिरतो, आणि तो शब्द नीट न कळताच अनेक मुलं बारावी पास होतात, याचं मला फार वाईट वाटतं.

आता एक दगड घ्या. विहिरीच्या काठावर उभे राहा आणि तो नुसता सोडून द्या, फेकू नका. हवेचा अडथळा धरला नाही तर पहिल्या सेकंदात तो ४.९ मीटर खाली जातो, दोन सेकंदांत १९.६ मीटर. सूत्र सोपं आहे: सेकंदांचा वर्ग करायचा आणि ४.९ने गुणायचं. मग प्रश्न असा, की बरोब्बर एक सेकंद झाला त्या क्षणी दगडाचा वेग किती?

अंतर भागिले वेळ म्हणजे वेग, हे सगळ्यांना येतं. पण 'त्या क्षणी' म्हटलं की वेळ शून्य झाली. शून्य वेळात दगड शून्य अंतर गेला. शून्य भागिले शून्य! इथे वर्ग गप्प होतो. ही शांतता मला वर्षभरातली सगळ्यात मोलाची वाटते, कारण नेहमीचं हत्यार चाललं नाही हे मुलांना इथे पहिल्यांदा कळतं.

मग आपण आडवाटेनं जातो. एक सेकंदानंतरचा छोटासा तुकडा घेऊ, ०.१ सेकंदाचा. १.१ सेकंदाला दगड ५.९२९ मीटरवर असतो, म्हणजे त्या तुकड्यात तो १.०२९ मीटर गेला. सरासरी वेग सेकंदाला १०.२९ मीटर. तुकडा आणखी लहान, ०.०१ सेकंदाचा केला तर वेग येतो ९.८४९. तुकडा ०.००१चा केला की ९.८०४९. पुढे ९.८००४९. आपण तुकडा एकदाही शून्य केला नाही, तरी उत्तर कुठे चाललंय ते समोर दिसतं: ९.८. उत्तर ज्याच्याकडे सरकत जातं त्या आकड्याला लिमिट म्हणतात, मराठीत सीमा. आणि अशा रीतीनं काढलेला त्या क्षणाचा वेग म्हणजे डेरिव्हेटिव्ह. मराठी पुस्तकांत या प्रक्रियेला अवकलन म्हणतात. पुढे जे पानभर नियम येतात, गुणाकाराचा, भागाकाराचा, चेन रूल, ते सगळे हा तुकड्यांचा खटाटोप दरवेळी करावा लागू नये म्हणून आहेत. नियम पाठ करायलाच हवेत, पण दगड विसरून नाही.

क्षणाच्या वेगाची ही ओढ आपल्याकडेही जुनी आहे. १११४ साली जन्मलेल्या भास्कराचार्यांनी ११५० साली 'सिद्धान्तशिरोमणी' पूर्ण केला. ग्रहाची दिवसभराची सरासरी गती वेगळी आणि त्या क्षणाची गती वेगळी, हा फरक त्यांनी त्यात केला आणि दुसरीला 'तात्कालिक गती' म्हटलं. चाळीसगावजवळ पाटण इथे एक शिलालेख आहे: भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्यांचा नातू चांगदेव याने काढलेल्या मठाबद्दलचा. कॅल्क्युलसचं, म्हणजे बदल मोजण्याच्या गणिताचं, संपूर्ण शास्त्र उभं राहिलं ते सतराव्या शतकात, न्यूटन आणि लाइबनिझ यांच्या हातून. पण 'या क्षणी किती?' हा प्रश्न खानदेशातल्या मातीला परका नाही, हे मुलांना सांगताना मला अभिमान वाटतो.

बारावीत डेरिव्हेटिव्हला कामाला लावतात. माझं आवडतं उदाहरण पुठ्ठ्याचं. ३० सेंटीमीटर बाजूचा चौरस पुठ्ठा घ्या. चारही कोपऱ्यांतून सारखे छोटे चौरस कापा आणि कडा वर दुमडा, की वरून उघडा डबा तयार होतो. कोपरा लहान कापला तर डबा पसरट आणि बुटका, मोठा कापला तर उंच आणि चिंचोळा. सगळ्यात जास्त माल कुठल्या डब्यात मावेल? कोपरा क्ष सेंटीमीटरचा असेल तर तळाची बाजू उरते ३० वजा २क्ष, उंची क्ष. घनफळ म्हणजे तळाच्या बाजूचा वर्ग गुणिले क्ष. क्ष वाढत जातो तसं घनफळ आधी वाढतं, एका ठिकाणी माथा गाठतं आणि मग उतरतं. डोंगर चढताना पाऊल वर पडतं, उतरताना खाली पडतं, माथ्यावर चढ शून्य असतो. म्हणून डेरिव्हेटिव्ह शून्य कुठे होतो ते शोधायचं. उत्तर दोन येतात, १५ आणि ५. १५ कापले तर पुठ्ठाच उरत नाही, म्हणून ५. तळ २० गुणिले २०, उंची ५, घनफळ २,००० घन सेंटीमीटर, म्हणजे बरोबर दोन लिटर.

यातलं १५ का टाकून दिलं, हे लिहायला मुलं विसरतात आणि गुण जातात. पण गुणांपेक्षा महत्त्वाचं म्हणजे, समीकरणानं दिलेलं उत्तर पुठ्ठ्याला विचारून घ्यायचं असतं, ही सवय इथे लागते.

इंटिग्रेशन, म्हणजे समाकलन, याच वाटेनं उलटं चालणं आहे. आता दगडाचा वेग माहीत आहे असं समजा: एका सेकंदाला ९.८, दोन सेकंदांना १९.६, वेळेच्या प्रमाणात वाढणारा. अंतर काढायचंय. आलेख कागदावर आडवी वेळ आणि उभा वेग घेतला तर एक तिरकी सरळ रेघ येते. पहिल्या सेकंदापर्यंत तिच्याखाली एक त्रिकोण तयार होतो: पाया १, उंची ९.८. क्षेत्रफळ पाया गुणिले उंचीच्या निम्मं, म्हणजे ४.९. हे तर पहिल्या सेकंदात दगड गेला तेच अंतर! अंतरावरून वेग काढणं आणि वेगाच्या आलेखाखालचं क्षेत्रफळ काढणं ही एकमेकांची उलट कामं आहेत. ज्याला कॅल्क्युलसचं मूलभूत प्रमेय म्हणतात ते एवढंच सांगतं, पण माणसाच्या बुद्धीनं लावलेल्या मोठ्या शोधांपैकी तो एक आहे असं मी मनापासून मानतो. रेघ सरळ नसून वाकडी असेल तर क्षेत्रफळाच्या असंख्य अरुंद पट्ट्या करून त्यांची बेरीज करायची. इंटिग्रेशनचं ते लांबट चिन्हही बेरजेसाठीच्या लॅटिन शब्दातलं पहिलं अक्षर आहे, लाइबनिझनं १६७५ साली ताणून लिहिलेलं.

बारावीचा सगळ्यात जास्त घाम इथेच गळतो. डेरिव्हेटिव्ह नियमानं निघतो. इंटिग्रेशनला आधी पाहावं लागतं की कुठली युक्ती चालेल. सबस्टिट्यूशन, बाय पार्ट्स, पार्शल फ्रॅक्शन. शंभरेक गणितं हातानं केल्याशिवाय ती नजर येत नाही, आणि त्याला दुसरा उपाय मला तरी सापडलेला नाही.

या सगळ्याचं फळ मिळतं ते डिफरन्शियल इक्वेशन या प्रकरणात, आणि नेमकं तेच मुलं मार्कांपुरतं उरकतात. स्वयंपाकघरातलंच बघा. खोलीचं तापमान २५ अंश, कपातला चहा ८५ अंश. न्यूटनचा नियम म्हणतो, की चहा किती झपाट्यानं निवेल हे चहा आणि खोली यांच्या फरकावर अवलंबून असतं. फरक ६० आहे तेव्हा तो भराभर निवतो, फरक १० राहिला की रेंगाळतो. समजा दहा मिनिटांत चहा ५५वर आला. फरक ६०चा ३० झाला. पुढच्या दहा मिनिटांत पुन्हा ३० अंश उतरेल असं मुलं पटकन सांगतात. तसं होत नाही. फरक पुन्हा निम्मा होतो, ३०चा १५, म्हणून चहा ४०वर येतो. त्याच्या पुढच्या दहा मिनिटांत साडेबत्तीसवर. इथे चहाचं पुढचं तापमान आपल्याला कुणी सांगितलेलं नव्हतं. सुरुवातीचे दोन आकडे आणि तापमान कसं बदलतं याचा नियम एवढंच हाती होतं, आणि त्यावरून सगळं पुढचं कळलं. किरणोत्सारी कार्बन ५,७३० वर्षांत निम्मा होतो, आणि त्यावरून जुन्या हाडांचं वय काढतात. त्यामागचं समीकरण चहाचंच असतं.

बदलाचं गणित हा या अभ्यासक्रमाचा कणा. त्याच्या बाजूला दुसरा प्रवाह चालतो, मोजण्याचा आणि शक्यतांचा. अकरावीत परम्युटेशन-कॉम्बिनेशन येतं, म्हणजे गोष्टी किती प्रकारे मांडता किंवा निवडता येतात ते मोजणं. इथेही भास्कराचार्यच आठवतात. 'लीलावती'त त्यांनी विचारलंय, की शंभूच्या दहा हातांत दहा आयुधं अदलाबदल करून दिली तर किती रूपं होतील? पहिल्या हाताला दहा पर्याय, दुसऱ्याला नऊ, तिसऱ्याला आठ, असं गुणत गेलं की ३६,२८,८००. आणि विष्णूच्या चार हातांत शंख, चक्र, गदा, पद्म? चार गुणिले तीन गुणिले दोन गुणिले एक, चोवीस. केशवाय नमः, नारायणाय नमः करत संध्येत जी चोवीस नावं घेतात, ती मूर्तिशास्त्रात याच चोवीस मांडण्यांची आहेत. हे सांगितलं की चार फॅक्टोरियल किती, हे वर्गातलं कुणी पुन्हा विसरत नाही.

बारावीत हाच प्रवाह बायनॉमियल डिस्ट्रिब्यूशनला जाऊन मिळतो: इतक्या प्रयत्नांत नेमके किती यशस्वी होतील, याच्या शक्यता. माझ्या वर्गात शेतकऱ्यांची मुलं बरीच असतात, त्यांना मी टोकणीचं विचारतो. बियाण्याची उगवणक्षमता ७० टक्के आहे. एका जागी एकच बी टोकलं तर ती जागा रिकामी राहण्याची शक्यता ०.३. दोन टोकली तर दोन्ही वाया जायला हवीत: ०.३ गुणिले ०.३, म्हणजे ०.०९. तीन टोकली तर ०.०२७. हजार जागांवर एकेक बी टाकलं तर साधारण ३०० ठिकाणी नांग्या भराव्या लागतील, म्हणजे रिकाम्या जागी पुन्हा बी लावावं लागेल, तीन-तीन टाकली तर २७ ठिकाणी. पण मग बाकीच्या जागी विरळणी, म्हणजे जास्तीची रोपं उपटणं, किती करावी लागेल? तीनपैकी नेमकी एक उगवण्याची शक्यता ०.१८९, दोन उगवण्याची ०.४४१, तिन्ही उगवण्याची ०.३४३. सगळ्यांची बेरीज एक. आता बियाण्याचा भाव आणि विरळणीची मजुरी घाला आणि दोन बरी की तीन, ते ठरवा. एका पोरानं हे वडिलांना दाखवलं. वडील म्हणाले, "दोन-तीन टाकायची हे आम्हाला ठाऊक होतं, का ते आज कळलं." एक बी उगवलं म्हणून शेजारचं उगवेलच असं नाही, असं या हिशोबात धरलेलं आहे. पाऊसच दडी मारून बसला तर सगळी बियाणी एकदम फसतात आणि हा हिशोब चालत नाही. गृहीतक कुठे मोडतं हे ओळखणं हाही संभाव्यतेच्या अभ्यासाचाच भाग आहे.

अकरावीतल्या कॉम्प्लेक्स नंबरला मुलं घाबरतात, कारण त्यांना सांगितलेलं असतं की ऋण संख्येचं वर्गमूळ नसतं, आणि आता कुणी तरी म्हणतं की असतं. मी त्यांना पीटीच्या तासाला नेतो. उजेडाकडे तोंड करून उभे राहा. 'पीछे मुड' म्हणजे उणे एकनं गुणणं: तोंड उलट्या दिशेला. दोनदा केलं की पुन्हा जागेवर, म्हणून उणे गुणिले उणे अधिक. आता अशी कुठली आज्ञा आहे, जी दोनदा दिली की 'पीछे मुड' होतं? सगळा वर्ग ओरडतो: 'बाएँ मुड!' उणे एकच्या वर्गमुळाला पुस्तकात आय म्हणतात, तो हाच. एक पाव वळण. ते दोनदा केलं की उणे एक, म्हणजे आयचा वर्ग उणे एक. त्यात काल्पनिक काही नाही. फक्त संख्या एका रेघेवरून उतरून पटांगणावर आल्या. पुढे इंजिनिअरिंगला जाणाऱ्यांना एसी करंटचं गणित करताना हेच लागतं.

बारावीचं पुस्तक उघडलं की पहिलंच प्रकरण तर्कशास्त्राचं. सोपं म्हणून मुलं ते दोन दिवसांत संपवतात. 'हजेरी ७५ टक्क्यांहून कमी असेल तर परीक्षेला बसता येणार नाही.' माझी ८० टक्के आहे, म्हणजे मला बसू देतीलच, असं या वाक्यातून निघतं का? नाही निघत. फॉर्म भरायचा राहिला असेल. जो परीक्षेला बसलाय त्याची हजेरी किमान ७५ टक्के आहे, हे मात्र निघतं. जाहिराती, भाषणं, व्हॉट्सअॅपवरचे निरोप, सगळीकडे हीच चूक होत असते. त्याच प्रकरणात हे 'आणि-किंवा' विजेच्या बटणांत उतरतं. जिन्यातला दिवा खालच्या बटणानं लावून वरच्या बटणानं कसा विझवता येतो, हे एका ओळीच्या तर्कविधानात लिहिता येतं.

बाकीच्या प्रकरणांवर मी इथे थांबत नाही. त्रिकोणमिती त्रिकोणातून बाहेर पडून वर्तुळावर येते, आणि साइन-कोसाइन लाटांचं वर्णन करायला लागतात. मॅट्रिक्समध्ये दहावीतला निश्चयक पुन्हा भेटतो, आता तीन समीकरणांसाठी. सदिश म्हणजे व्हेक्टर आणि त्यातून अवकाशातली रेषा आणि प्रतल. फिजिक्सला त्यांची गरज आधी पडते आणि गणितात ते नंतर शिकवतात, याचा मुलांना दरवर्षी त्रास होतो. लिनिअर प्रोग्रॅमिंगमध्ये कच्चा माल आणि वेळ मर्यादित असताना नफा जास्तीत जास्त कसा करायचा ते आलेखावर काढतात, आणि उत्तर नेहमी आकृतीच्या एखाद्या कोपऱ्यावर सापडतं.

आता मुद्द्याचं. बोर्डाची परीक्षा बारावीला, म्हणून अकरावी हे विश्रांतीचं वर्ष, असा समज घराघरांत आहे. एमएचटी-सीईटीत, म्हणजे इंजिनिअरिंगच्या प्रवेशपरीक्षेत, गणिताचे ५० प्रश्न असतात आणि त्यातला अकरावीचा वाटा साधारण पाचवा, म्हणून क्लासवालेही अकरावी धावती करतात. पण वर लिहिलेलं पुन्हा बघा. फंक्शन, लिमिट, डेरिव्हेटिव्हची व्याख्या, कॉम्प्लेक्स नंबर, मोजणी, सगळं अकरावीत आहे. दगड अकरावीत पडतो. तो न पाहिलेला मुलगा बारावीत पुठ्ठ्याचं गणित सूत्रात आकडे घालून करतो, आणि प्रश्नाची एक ओळ बदलली की अडतो.

मराठी माध्यमातून आलेल्या मुलांवर दुहेरी भार असतो, कारण विज्ञान शाखा बहुतेक ठिकाणी इंग्रजीतून शिकवतात. 'फंक्शन' म्हणजे घरचा कार्यक्रम, एवढंच ठाऊक असलेलं मूल पहिल्या तासाला गोंधळतं आणि स्वतःलाच ढ समजू लागतं. अशा मुलांना मी सांगतो, की कल्पना मराठीत समजून घ्या, मित्राला मराठीत समजावून सांगा, आणि उत्तर इंग्रजीत लिहा. दोन-तीन महिन्यांत इंग्रजी शब्द अंगवळणी पडतात. मात्र मराठीत विचार करायची चोरी वाटता कामा नये.

दहावीच्या निकालाची वाट बघत मूल घरी असेल तर अकरावीचं पुस्तक आधीच संपवण्याच्या मागे लागू नका. अवयव पाडणं, अपूर्णांकांची आकडेमोड आणि आलेख वाचणं, या तीन गोष्टी पक्क्या करून घ्या. अकरावीतली निम्मी अडचण तिथलीच असते. आणि एका दुपारी ३० सेंटीमीटरचे तीन पुठ्ठे कापायला द्या. एकाचे कोपरे ३ सेंटीमीटरचे, एकाचे ५चे, एकाचे ७चे. कडा दुमडून चिकटपट्टी लावा, तांदूळ काठोकाठ भरा आणि मापानं मोजा. हिशोबानं पहिल्यात १,७२८ मिलिलिटर, दुसऱ्यात २,००० आणि तिसऱ्यात १,७९२ यायला हवेत. पुठ्ठा जरा वाकडा कापला गेला तर थोडाफार फरक पडेल, पण मधला डबा जिंकेल. मग मुलाला विचारा: साडेचारचा कोपरा घेतला असता तर?